पित्तावर घोंगडी

अंगावर पित्त उठलं की आमच्या सासरी शेवटचं औषध एकच होतं. आधी गेरू लावायचा, आमसुलाचं पाणी चोळायचं, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घालायची, आणि एवढं सगळं झालं की माणसाला घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात बसवायचं. घोंगडीच्या उबेनं पित्त जिरतं, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. मलाही तसंच बसवलं. लग्नानंतरचा अख्खा हिवाळा मी त्या कोपऱ्यात काढला आणि त्या घोंगडीपायी माझा संसार मोडता मोडता राहिला. आज सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

हैदराबादचं राज्य जाऊन आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच सुमाराला माझं लग्न झालं. पुरुषमंडळी पारावर बसून नवं राज्य कसं असेल याची चर्चा करायची. मला त्यात रस नव्हता, कारण माझं स्वतःचंच राज्य बदललं होतं. माझं माहेर सेलूकडचं. आम्हीही धनगरच, पण आमची मेंढरं आजोबांच्या काळातच सुटली होती. वडील कापूस आणि जोंधळा करायचे. आमच्या घरात लोकर म्हणाल तर देव्हाऱ्याखाली घडी घालून ठेवलेली एक जुनी घोंगडी, आणि तीसुद्धा पूजेपुरती बाहेर निघायची.

सासर सोनपेठच्या बाजूला, नदीपासून फार लांब नाही. तिथं दाराशी मेंढरं, ओसरीवर लोकरीची गाठोडी आणि बसायला, निजायला, पांघरायला, पावसात डोक्यावर घ्यायला घोंगडीच. सासरे आणि माझे मालक मेंढरं घेऊन रानोरान फिरत. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, त्यांना लेंडीखत मिळे आणि आम्हाला जोंधळा. घरी बायकांनी लोकर निवडायची, पिंजायची आणि सूत कातायचं.

मला पसंत केलं ते माझ्या रूपावर नव्हे. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघते, असं आपल्याकडं मानतात. सासू बघायला आली तेव्हा तिनं मला ना चालायला लावलं, ना स्वयंपाकाचं विचारलं. आईला सरळ म्हणाली, ‘‘पोरगी पायाळू हाय म्हणं, खरं का?’’ आई म्हणाली, ‘‘हौ.’’ सासू म्हणाली, ‘‘मंग झालं. आमच्या घरात रोज कुणाची ना कुणाची पाठ धरलेली असती.’’ एवढ्यावर माझं लग्न ठरलं.

दुखण्याखुपण्यात सासूचा शब्द गावात शेवटचा. गुडघा धरला की ती रुईच्या पानाला एरंडेल चोपडून, तव्यावर गरम करून बांधायची. मेंढरामागं चालून सुजलेल्या पायांना निर्गुडीच्या पाल्याचा शेक. पोरांच्या छातीत कफ झाला की ओव्याची पुरचुंडी. हे सगळं ती शिव्या देत देत करायची, आणि लोक त्या शिव्यांसकट बरे व्हायचे. तिच्या औषधानं उतार पडला नाही असं कुणी म्हटलं, तर ती म्हणायची, ‘‘मंग तू नीट दुखवलंच नसशील.’’ मला ती पहिल्यापासून आवडली. आमचा स्वभाव एकाच मातीचा होता.

आमच्याकडं रीत अशी की नव्या सुनेला पहिल्या थंडीत नवी घोंगडी द्यायची. माझ्यासाठी सासूनं उन्हाळाभर स्वतः सूत कातलं होतं. गावातल्या सणगरानं ती विणली, चिंचोक्याची खळ देऊन कडक केली. काळीभोर, पांढऱ्या काठाची, भिंतीला टेकवली तर उभी राहील अशी. ती माझ्या खांद्यावर टाकताना सासू म्हणाली, ‘‘ही आता मरूस्तोवर तुजी.’’ मी वाकून पाया पडले आणि त्या रात्री ती पांघरून झोपले.

सकाळी उठले तर गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत लालभडक ददोरे. खाज अशी की नखं पुरेनात. सासूनं पाहिलं आणि लगेच कंबर कसली. ‘‘आगं बया, पित्त उटलंय पोरीला. भिऊ नको, लय सोपं हाय.’’ गेरू आला, आमसुलाचं पाणी आलं, अंघोळ झाली. आग शांत झाली, ददोरे बसायला लागले. आणि मग तिनं मायेनं, घट्ट, ती नवी कोरी घोंगडी माझ्याभोवती गुंडाळली.

पुढचं सांगायलाच नको. दिवसा गेरूनं बसलेलं पित्त घोंगडीत पुन्हा वर यायचं. जितकं वर येई तितकी सासू मला जास्त घट्ट गुंडाळी. ‘‘आतली गरमी बाहीर पडायलीय,’’ ती म्हणायची, ‘‘पडू दे.’’ मीही तेच खरं धरलं. माझ्या आईनंही लहानपणी आम्हाला त्याच देव्हाऱ्याखालच्या घोंगडीचं नाव घेऊन धीर दिला होता, मग मी कशाला शंका घेऊ? घर जळायला लागलं तर विहिरीवर कुणी संशय घेतं का?

त्यात लोकर पिंजायला बसलं की शिंकांवर शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक लाल. शेजारणी ओसरीवरून बघायच्या आणि आपसांत बोलायच्या, ‘‘सून सारखी रडायलीय.’’ मी रडत नव्हते हो! पण सुजलेल्या डोळ्यांची सून आणि रडणारी सून यांत फरक कोण करणार? मालक बिचारे सोनपेठच्या बाजारातून हकिमाकडचा गुलकंद घेऊन आले. चारचौघांत बायकोला काही देणं त्या काळी लाजेचं, म्हणून त्यांनी डबी जात्यामागं ठेवली आणि मला डोळ्यांनी खूण केली. गुलकंदानं पित्त गेलं नाही. पण माणूस कसा आहे ते मला कळलं.

संक्रांतीला माहेरी गेले आणि सगळं आपोआप थांबलं. अंग स्वच्छ झालं, शिंका गेल्या, आई म्हणाली, ‘‘नजर लागली असंल, उतरली.’’ परत सासरी आले तर पहिल्याच सकाळी पुन्हा तेच. माहेरी बरी आणि सासरी आजारी, याचा अर्थ लावायला गावाला फार वेळ लागत नाही. कुणी म्हणालं, पोरीला नांदायचं नाही, सोंग करतेय. कुणी म्हणालं, सोंग नाही, या घरच्या देवाला ही सून मानवत नाही. पहिल्या बोलण्याचा मला राग आला. दुसऱ्याची मात्र भीती वाटली, कारण सोंग सोडता येतं, देवाला काय सांगणार?

शेवटी भावकीनं ठरवलं की माझ्या वडिलांना बोलवायचं, चार जाणते जमवायचे आणि निकाल लावायचा. निकाल म्हणजे काय हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं. मला कायमचं माहेरी पाठवायचं आणि मालकांचं दुसरं लग्न लावायचं. माझ्या पाठची बहीण लग्नाची होती. माघारी आलेल्या मुलीच्या बहिणीला कोण करून घेतं? आणि तिचं बाजूला ठेवलं तरी, मला जायचं नव्हतं. जात्यामागं गुलकंद ठेवणारा माणूस मला सोडायचा नव्हता, आणि शिव्या देणारी ती सासूही नाही. पण माझ्या अंगाला हे कुठं पटत होतं? ते रोज सकाळी माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं.

आमच्यातली बैठक घोंगडीवरच भरते. देवळासमोर घोंगड्या अंथरायच्या, त्यांवर भंडारा टाकायचा आणि मग बोलायचं. अशी अंथरलेली घोंगडी बैठक उठेपर्यंत उचलायची नाही, हाही नियम. मामला आमच्या घरचा, म्हणून घोंगड्याही आमच्याच. सासऱ्यांनी घरातल्या झाडून साऱ्या घोंगड्या उन्हात झटकल्या आणि देवळाकडं नेल्या. माझी नवीसुद्धा गेली. मला वाटलं, गेली, आता तिच्या मागोमाग मीही जाणार.

भावकी जमली, वडील आले, पण गंगाखेडकडचे सगळ्यांत थोरले म्हातारे यायचे राहिले. त्यांची मोटार चुकली. त्यांच्याशिवाय बोलणं नाही, म्हणून बैठक पुढं ढकलली आणि घोंगड्या तिथंच अंथरलेल्या राहिल्या. घरात पाहुणे म्हणून लोकरीचं काम बंद. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते, निजायला जुन्या लुगड्यांची एक वाकळ मिळाली होती. काळजीनं मी इतकी वेढलेली, की खाजवायचं विसरले हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

ते सासूच्या ध्यानात आलं. म्हातारे येणार त्या सकाळी ती नेहमीसारखी गेरूची वाटी घेऊन आली. ‘‘हात कर.’’ मी हात पुढं केला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, पदर सारून मान बघितली.

‘‘खाजवायलंय का?’’

‘‘न्हाई, आत्याबाई.’’

‘‘काल?’’

‘‘काल बी न्हाई.’’

ती वाटी घेऊन तशीच चुलीपाशी बसली. जाळ सारखा केला. मग विचारलं, ‘‘राती काय पांघरलं व्हतं?’’

‘‘वाकळ.’’

ती उठली, ओसरीवरच्या गाठोड्यातून लोकरीच्या सुताचा तुकडा तोडून आणला आणि माझ्या उजव्या मनगटावर बांगड्यांच्या वर गुंडाळला. डाव्या मनगटावर कापसाचा दोरा. ‘‘बस भाकऱ्या करत,’’ म्हणाली. मी थापत राहिले. दुरडी भरत आली तशी उजव्या मनगटावर खाज सुटली. तिनं सूत सोडलं. खाली लाल, फुगलेलं कडं होतं. डाव्या मनगटावर काही नाही.

तिचा चेहरा उतरला आणि माझा उजळला. खरं सांगते, आपल्याला दुखणं आहे हे कळून कुणाला एवढा आनंद झाला नसेल. मी सोंगाडी नव्हते, देव माझ्यावर कोपला नव्हता, एवढंच काय, मला पित्तसुद्धा नव्हतं! मला फक्त लोकर सोसत नव्हती. हसू आणि रडू एकदमच आलं. आणि लगेच दुसरं ध्यानात आलं. धनगराच्या घरात लोकर न सोसणारी सून. पाण्याला घाबरणाऱ्या पोरीनं कोळ्याच्या घरी नांदावं, तशातली गत.

‘‘आत्याबाई, आता तर माघारीच लावतील ना?’’

‘‘गप. भाकर करपायली,’’ ती म्हणाली.

बैठकीत बायका बोलत नसत. भिंतीआड उभ्या राहून ऐकत. सासू मात्र मला हाताला धरून थेट देवळासमोर घेऊन गेली आणि माझी दोन्ही मनगटं सगळ्यांपुढं धरली. काय झालं ते तिनं सांगितलं. गंगाखेडकडचे म्हातारे वाकडे होऊन बसले होते. मोटारीच्या दणक्यांनी त्यांची पाठ धरली होती, आणि पाठ धरलेला माणूस न्याय करायला फारसा बरा नसतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मंग लोक काय खोटं बोलायलेत? घोंगडी देवाची. जिला घोंगडी मानवत न्हाई, ती देवालाच मानवत न्हाई.’’

माझ्या वडिलांनी मान खाली घातली. ज्याची भीती होती तेच.

सासूनं माझी मनगटं सोडली. मग बोलली, आणि तिचा आवाज मला कधी नव्हे तो हळू वाटला. ‘‘देवानं आमाला मेंढरं राखायला सांगितली. सुनंला घोंगडीत गुंडाळ म्हून देवानं न्हाई सांगितलं, ते मी केलं. साऱ्या गावाला औषध देती म्हून मिरवायले, आन् माज्याच घरात औषध म्हून रोग पांघरला. चूक माजी हाय. ना पोरीची, ना देवाची. माघारी लावायची तर मला लावा.’’

जी बाई कधी कुणाच्या गुडघ्यापुढंही हरली नव्हती, ती भर बैठकीत माझ्यासाठी हरली होती. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण डोक्यावर पदर आणि समोर सगळे थोर. सासरे एरवी मेंढरांशी जेवढं बोलत तेवढंही माणसांशी बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, ‘‘एखादं मेंढरू एखादा पाला खात न्हाई. म्हून काय आपुन मेंढरू विकत न्हाई.’’

लोक हसले. एकदा हसले की मग निकाल अवघड राहत नाही. गंगाखेडकडच्या म्हाताऱ्यांनी इकडं तिकडं पाहिलं, ‘‘बरं तर मग’’ म्हणत उठायला गेले आणि ‘आई गं’ करून तसेच अर्धे वाकलेले राहिले. उसण पक्की भरली होती. दोघांनी धरलं तरी सरळ होईनात.

सासूचा मूळचा आवाज परत आला. ‘‘पालथं झोपा. सून पायाळू हाय आमची.’’ म्हातारे बिचारे तिथंच घोंगडीवर आडवे व्हायला लागले, तशी ती ओरडली, ‘‘आवो, घोंगडीवर न्हाई! हिकडं मातीत झोपा. तिला घोंगडी सोसत न्हाई म्हून सांगितलं न्हवं?’’

आणि ज्यांनी मला माघारी लावायचं ठरवत आणलं होतं, ते भावकीतले सगळ्यांत थोरले गृहस्थ, घोंगडी सोडून मातीत पालथे पडले. मी आधी त्यांच्या पाया पडले, कारण थोरांना पाय लावायचा म्हणजे संकोच. मग डावा पाय त्यांच्या कमरेला लावून तीनदा झटकला, जशी रीत आहे तसा. ते उठले ते सरळ उठले. माझ्या पायानं की गार मातीत निवांत पडल्यानं, ते मला ठाऊक नाही, आणि त्या दिवशी मला ते ठरवायचंही नव्हतं. अंगावरची माती झटकत ते माझ्या वडिलांना म्हणाले, ‘‘पाव्हणं, पोरगी ऱ्हाऊ द्या हितंच. माज्या पाठीला लागंल.’’ वडिलांनी तोंडावरून पंचा फिरवला. ते रडत होते हे मला लांबूनही कळलं.

त्यानंतर घरातली कामं वाटली गेली. लोकर सासूची, पालापाचोळा माझा. निर्गुडी तोडून आणणं, रुईची पानं शेकणं, उसणीला पाय लावणं हे माझ्याकडं आलं आणि सासू कातायला बसू लागली. माझी काळी घोंगडी तिनं स्वतः पांघरायला घेतली. त्याबदली मला एक वाकळ शिवून दिली. तिच्यात मधोमध एक हिरवा तुकडा होता. तो तिच्या लग्नातल्या लुगड्याचा, हे मला पुढं शेजारणीकडून समजलं. तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘फाटलेलंच व्हतं.’’ थंडीत ती माझ्या खोलीत यायची तेव्हा दाराबाहेरच्या खुंटीला घोंगडी टांगून, कुडकुडत आत यायची. मी शिंकले की तीच दचकायची.

मग मला मुलगी झाली, माहेरी. तिला घेऊन सासरी आले तेव्हा आणखी एक रीत समोर उभी राहिली. मूल पहिल्यांदा घरी आलं की देवापुढं घोंगडीवर ठेवायचं आणि घंटी वाजवून निवद दाखवायचा. माझी काळी घोंगडीच अंथरली होती. सगळ्या बायका गोळा झाल्या, एकीनं बाळाला घ्यायला हात पुढं केले.

‘‘थांबा,’’ सासू म्हणाली.

तिनं घोंगडीच्या काठाचा एक धागा उपसला आणि बाळाच्या मनगटावर सैलसा बांधला. ‘‘आता सगळ्याजणी गप बसा.’’ निवद गार व्हायला लागला. बायका कुजबुजायला लागल्या. सासू दर थोड्या वेळानं धागा सारून खाली बघायची आणि पुन्हा सारखा करायची. मी तर बघूच शकत नव्हते. या मुलीनंही त्या कोपऱ्यात बसायचं का, तिच्याही डोळ्यांना लोकांनी रडके म्हणायचं का, एवढंच मनात घोळत होतं. आणि सासूच्या मनातही तेच असणार, कारण कुजबुजणाऱ्या बायकांना तिनं एकही शिवी दिली नाही.

शेवटी तिनं धागा सोडला. खाली नुसतं गुबगुबीत मनगट. लालीचा ठिपका नाही.

‘‘काई न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘काई न्हाई गं, पोरी!’’ आणि एवढी खमकी बाई खाली बसून ओक्साबोक्शी रडायला लागली. मीही रडले. इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरलं, तेव्हा कळलं किती होतं ते.

पदरानं डोळे पुसून तिनं घोंगडीच्या काठाला लागून माझी वाकळ अंथरली. स्वतः घोंगडीवर बसली, मला वाकळीवर बसवलं आणि बाळाला बरोबर मधल्या शिवेवर ठेवलं, अर्धं तिच्याकडं, अर्धं माझ्याकडं.

‘‘आता वाजवा घंटी,’’ ती म्हणाली.